पहिला शेजारी

नोलीन : अगं, आधी बस तरी! आल्यापासून आपलं मर्व्ह कुठाय, मर्व्ह कुठाय. खालच्या कुरणात गेलाय, मेंढ्या व्यायला लागल्यात. येईल चहाला. काय काम आहे ते मला सांग की.

विल्मा : त्यालाच सांगायचंय.

नोलीन : माझ्यापासून चोरून? मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा तू एवढीशी होतीस. तुझी आई बटाट्याच्या शेतात आणि तू कुंपणाखालून सरपटत इकडे. ह्याच टेबलाशी बसवून तुझ्या वेण्या घातल्यात मी.

विल्मा : चोरून नाही गं. तू पण ऐक. पण तो असताना.

नोलीन : बरं बाई. स्कोन घे. घे गं, दोन घे. तुमच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्किट मिळायचं आणि डबा बंद! पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, मी काही चुकीचं बोलले की काय.

विल्मा : आईनं शेवटपर्यंत डबा बंदच केला.

नोलीन : हो ना. किती हसायचो आम्ही. दफनाचं ठरलं का?

विल्मा : येत्या शुक्रवारी. दोघांचं एकदमच.

नोलीन : एकदम. मी मर्व्हला तेच म्हणते, एका परीनं देवानं चांगलंच केलं. मागे राहून रडायला कुणी उरलं नाही. झोपेत गेली दोघं.

विल्मा : झोपेत कोण म्हणालं?

नोलीन : म्हणजे... मीच म्हणाले. मर्व्हला.

विल्मा : आई रविवारी रात्री गेली, नोलीन. पप्पा गुरुवारी. शुक्रवारी आईच्या पायाचं ड्रेसिंग करायला नर्स आली, तिला दिसले.

नोलीन : ते आलं माझ्या कानावर. दुकानात कुजबुजत होते. मी मर्व्हपर्यंत पोचू दिलं नाही. तसाही तो शुक्रवारपासून गावात गेला नाहीये.

विल्मा : पुढच्या खोलीत होती आई. पप्पांनी तिचा पलंग एकट्यानं तिकडे ओढत नेला होता. सत्त्याऐंशी वर्षांचा माणूस. तिला चर्चला जायचा निळा झगा घातला होता, केस विंचरले होते, हात एकावर एक ठेवले होते. आणि स्वतः खुर्चीत. काळा सूट, टाय, बुटांना पॉलिश. घर असं गार की नर्सनं अंगातला कोट काढला नाही. डॉक्टर म्हणाले न्यूमोनिया.

नोलीन : अगं आई गं. शेगडी तरी पेटवायची!

विल्मा : खोलीत मयत असलं की शेगडी पेटवत नाहीत.

नोलीन : धूर नव्हता, हे मी बघितलं होतं हं. खोटं कशाला बोलू. पण तूच ते गरम हवेचं यंत्र बसवून दिलं होतंस ना गेल्या हिवाळ्यात? मी मर्व्हला म्हटलं, आता म्हातारा सुखानं बटण दाबत असेल. लाकडं कशाला फोडतोय?

विल्मा : एकदाही लावलं नाही त्यांनी ते. कानटोपी घालून बसायचे, पण बटण नाही दाबायचे. त्यांना ते यंत्र घोरल्यासारखं वाटायचं.

नोलीन : मला काय ठाऊक गं!

विल्मा : तुला दोष देत नाहीये. आणि पडदे? पडदे बघितले होतेस?

नोलीन : पडदे? न दिसायला काय झालं! साठ वर्षांत त्या खिडकीचे पडदे कधी कुणी ओढलेले पाहिले नव्हते. तुझ्या बापाच्या ताटात काय वाढलंय ते रस्त्यानं जाणाऱ्याला दिसायचं. आमची पोरं म्हणायची, चला, ऊंकांच्या घरी सिनेमा लागलाय.

विल्मा : शाळेत पण म्हणायची. मी घरी येऊन रडायचे, पप्पा, ओढा ना पडदे, सगळ्यांच्या घरी ओढतात. तर म्हणायचे, आपल्या घरात लपवण्यासारखं काय आहे? उभ्या रस्त्यानं बघावं.

नोलीन : म्हणून तर! सोमवारी सकाळी मी सिंकपाशी उभी, समोर बघते तर पडदे गच्च ओढलेले. दिवसाढवळ्या! मर्व्हला हाक मारून दाखवले. म्हटलं, बघ बघ, तुझा डचमन आला एकदाचा माणसांत. आपल्यासारखा झाला. मर्व्हलाही हसू आलं.

विल्मा : हसलात.

नोलीन : अगं, वाईट नाही हसलो. कौतुकानं हसलो. तू असं का बघतेस माझ्याकडे?

विल्मा : काल मी आत्याला फोन लावला. हॉलंडला. योहाना आत्या, पप्पांची धाकटी बहीण. तिला कळवायचं राहिलं होतं. सांगितलं, दोघंही गेले. रडली बिचारी. आणि रडणं आवरल्यावर पहिला प्रश्न काय विचारला असेल?

नोलीन : काय?

विल्मा : मर्व्ह लगेच आला ना गं?

नोलीन : मर्व्ह? आमचा मर्व्ह? तिला कुठे माहीत मर्व्ह?

विल्मा : माझ्या मुलांची नावं विसरते ती. पण मर्व्हच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं ते तिला माहीत आहे. मर्व्हनं गाई विकून मेंढ्या घेतल्या ते माहीत आहे. पप्पा फोनवर दुसरं बोलायचेच नाहीत. माझा पहिला शेजारी असा, माझा पहिला शेजारी तसा.

नोलीन : पहिला म्हणजे? रस्त्यावरचा पहिला?

विल्मा : पप्पांच्या गावाकडची रीत आहे. नव्या घरात राहायला गेलं की उजव्या हाताच्या घरी जायचं. चांगले कपडे घालून, जिनची बाटली घेऊन. आणि विचारायचं, तुम्ही माझे पहिले शेजारी व्हाल का? तो हो म्हणाला की दोघांनी एकेक प्याला प्यायचा. झालं. मग ते मरेपर्यंत.

नोलीन : थांब, थांब. जिन! अगं, माझं लग्न होऊन आठवडा झाला होता. दार वाजलं, बघते तर तुझा बाप, सूटमध्ये, हातात बाटली आणि चिमुकले दोन प्याले. मला वाटलं चर्चची वर्गणी मागायला आलाय. ताठ उभा राहून काहीतरी विचारलं त्यानं मर्व्हला. तेव्हाचं त्याचं बोलणं म्हणजे काय, अर्धं कळायचं, अर्धं सोडून द्यायचं. मर्व्ह म्हणाला, हो हो, बेन, चालतंय की. आणि प्यायले दोघं.

विल्मा : क्लॅरीकडे पण असेच गेले होते. आल्या आल्या.

नोलीन : सासऱ्यांकडे? अगं, तो तर त्यांचा ठरलेला किस्सा! बेरेंड म्हणता येत नाही म्हणून बेन नाव त्यांनीच पाडलं. आणि पबमध्ये वर्षानुवर्षं सांगायचे, बोटीतून उतरलेल्या त्या डचमननं मला मागणी घातली आणि जिनच्या नादात मी हो म्हणून बसलो! सगळे टेबलं बडवायचे.

विल्मा : मागणीच होती ती. क्लॅरी हो म्हणाला. मग मर्व्हचा संसार सुरू झाला तेव्हा मर्व्ह हो म्हणाला.

नोलीन : पण कशाला हो म्हणाला?

विल्मा : तुझ्या घरात कुणी गेलं की मी येईन, माझ्या घरात कुणी गेलं की तू ये. घरच्यांनी काही करायचं नाही. पडदे ओढायचे आणि मयताजवळ बसायचं, बस. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. पडदे दिसले की पहिला शेजारी येतो. डॉक्टर, पाद्री, नातेवाइकांना कळवणं, गुरंढोरं, खड्डा, खांदा, सगळं त्याचं काम.

नोलीन : पडदे दिसले की...

विल्मा : हो.

नोलीन : देवा! क्लॅरी गेले तेव्हा... विल्मा, क्लॅरी गेले तेव्हा तुझा बाप उजाडायच्या आत दारात उभा होता! आम्ही कुणालाच सांगितलं नव्हतं. अँब्युलन्सचा दिवा दिसला असेल. काळा सूट. कोट काढून खुंटीला लावला, मर्व्हचे कामाचे कपडे चढवले आणि गेला गाईंच्या धारा काढायला. दफन होईस्तोवर रोज. मर्व्हला गोठ्यात फिरकू दिलं नाही. मी म्हटलं, भला माणूस आहे, पण जरा आगाऊच. आणि अगं, माझे पडदे! बैठकीत जाऊन पडदे ओढले त्यानं. मी उघडले. त्यानं परत ओढले. मी परत उघडले. असला राग आला होता मला!

विल्मा : तू उघडलेस.

नोलीन : घरात अंधार नको म्हणून गं! मला कुणी सांगितलं होतं का? निघताना त्याच्या हातात बिअरच्या बाटल्या ठेवल्या, म्हटलं फिटलं एकदाचं. त्यानं घेतल्या नाहीत. मला वाटलं, ब्रँड आवडला नसेल.

विल्मा : ह्या रस्त्यावर कुणीही गेलं तरी पप्पा सूट घालून जायचे. मी विचारायचे, तुम्हाला बोलावलंय का? तर म्हणायचे, बोलावतात का कुठे?

नोलीन : पण तोंड होतं की त्याला! फोन होता. आपलं कुंपण एकच आहे, विल्मा. खिडकी उघडून मर्व्ह म्हणून हाक मारली असती तर ह्या टेबलाशी ऐकू आलं असतं.

विल्मा : मीही आत्याला तेच म्हटलं. भांडलेच तिच्याशी. तर ती म्हणाली, शेजाऱ्याला बोलवायला जायचं? म्हणजे त्याच्या तोंडावर म्हणायचं की तू शब्द मोडलास? मर्व्हचा एवढा अपमान बेरेंड करेल असं तुला वाटतं?

नोलीन : आणि तू? पोटच्या पोरीला तरी सांगायचं!

विल्मा : कळवणं शेजाऱ्याचं काम. मंगळवारी मी मेलबर्नहून फोन केला होता. उचलला त्यांनी. म्हटलं, आई कशी आहे? तर म्हणाले, मर्व्ह फोन करेल तुला. कशाबद्दल, पप्पा? मर्व्ह सांगेल. मला वाटलं, कुंपणाचा काही वाद असेल. ऑफिसला उशीर होत होता. बरं म्हटलं आणि ठेवला.

नोलीन : मर्व्ह कशाला फोन करेल! त्याला काय स्वप्न पडलं होतं?

विल्मा : तेच तर. तिकडे पप्पा वाट बघतायत मर्व्हची, इकडे मी वाट बघतेय मर्व्हच्या फोनची. आणि मर्व्ह मेंढ्या मोजतोय.

नोलीन : असं नको ना बोलूस.

विल्मा : कसं बोलू? आईजवळ बसले असतील, तेव्हा काय काय आलं असेल त्यांच्या मनात? सोमवारी म्हणाले असतील, मर्व्हला काम असेल. मंगळवारी म्हणाले असतील, मर्व्ह आजारी असेल. बुधवारी काय म्हणाले असतील गं?

नोलीन : बुधवारी मर्व्ह निघाला होता.

विल्मा : काय?

नोलीन : भोपळ्याचं सूप केलं होतं मी. तो डबा घेऊन निघाला होता, म्हाताऱ्यांना देऊन येतो म्हणाला. मी अडवलं. मीच. म्हटलं, जन्मात पहिल्यांदा पडदे ओढलेत त्यांनी, दोन दिवस सुखानं राहू दे की त्यांना एकटं. नको तिथे नाक खुपसू नकोस. त्यानं डबा ठेवला परत. फ्रीजमध्ये आहे अजून. टाकवत नाही मला.

विल्मा : नोलीन...

नोलीन : विल्मा, तू त्याला सांगू नकोस. पाया पडते तुझ्या. हेच सांगायला आलीस ना? मला सांगितलंस, पुरे झालं. मी घेते ते माझ्यावर. पण त्याला नको. जेवत नाही तो. रात्री उठून त्या खिडकीशी उभा राहतो. मी कशीबशी समजूत घातलीय, झोपेत गेली, कुणाला काही करता आलं नसतं. त्यावरच तग धरून आहे बिचारा. बहात्तरीचा आहे तो, ह्यातून उठणार नाही.

विल्मा : आणि मी? मी कशावर तग धरू? माझ्या बापानं आयुष्यात एका माणसावर भरवसा ठेवला. माझ्यावर नाही, भावांवर नाही, त्याच्यावर. त्याला साधं कळायलासुद्धा नको?

नोलीन : कळून काय करेल तो? गेलेला येणार आहे का? आहे तो मात्र जाईल.

विल्मा : मला राग आलाय, नोलीन. कुणावर काढू तेच कळत नाही. तुमच्यावर काढावा तर तुमचं काय चुकलं? पप्पांवर काढावा तर... साठ वर्षं! साठ वर्षं टास्मानियात काढली ह्या माणसानं, इथले बटाटे पिकवले, इथलं फुटबॉल बघितलं, आणि एवढं कळू नये की इथे त्या पडद्यांचा अर्थ कुणालाही माहीत नाही? आपण एकटेच आहोत त्या करारात, हे एकदाही मनात येऊ नये? मूर्ख म्हातारा! आणि मेला कसा, तर पाहुण्याची वाट बघितल्यासारखा, बूट चमकवून.

नोलीन : हळू बोल. फाटक वाजलं.

विल्मा : मी सांगणार आहे. त्याचा हक्क आहे तो.

नोलीन : विल्मा, तुझ्या आईची शपथ आहे तुला...

(मर्व्ह मागच्या दारानं येतो. बाह्या कोपरापर्यंत सरकवलेल्या, पायांत नुसते मोजे.)

मर्व्ह : गाडी बघितली, म्हटलं विल्माच असणार. जवळ नको येऊस, पोरी, हात घाण आहेत. एक कोकरू आडवं आलं होतं. ओढून काढलं. जगेल बहुतेक.

नोलीन : धू हात. आणि स्कोन खा आधी. सकाळपासून पोटात काही नाही.

मर्व्ह : खातो. ही का रडतीये? तू काही बोललीस का तिला?

विल्मा : नाही, मर्व्ह. मी तुझीच वाट बघत होते. मला तुला एक सांगायचंय.

नोलीन : चहा गार होतोय, मर्व्ह!

मर्व्ह : होऊ दे. विल्मा, तुझ्याआधी मी सांगतो. चार दिवस छातीवर घेऊन फिरतोय. हिला बोललो नाही, ही ओरडली असती. बुधवारी हिनं नको म्हटलं ना, तरी मी गुरुवारी जाऊन आलो.

नोलीन : कुठे जाऊन आलास?

मर्व्ह : बेनकडे. एक मेंढी त्याच्या बाजूच्या तारेत अडकली होती, ती सोडवली. म्हटलं, इतक्या जवळ आलोय तर डोकवावं. पडद्याला बोटभर फट होती, खुर्ची दिसण्यापुरती. आत दिवा होता. बेन खुर्चीत बसलेला, सूट, टाय, सगळं झोकात. मी दिसल्याबरोबर उठून उभा राहिला. सहजी उठवत नव्हतं त्याला, खुर्चीला धरून उठला. पण उठला. आणि कोटाचं बटण लावलं, बघ. माझ्यासाठी! चिखलानं भरलेला मी.

नोलीन : मर्व्ह, पुरे आता.

मर्व्ह : सांगू दे गं. विल्मा, त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास. इतक्या वर्षांत मी त्याला इतका खूश कधी बघितला नव्हता. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या.

विल्मा : मग?

मर्व्ह : मग काय. मला वाटलं, दोघं कुठे तरी निघालेत. लग्नाचा वाढदिवस असेल, चर्च असेल. आपण कुठे त्या बुटांनी आत जायचं? तो दाराकडे यायला लागला, तर मीच खुणेनं म्हटलं, राहू दे, राहू दे, बस तू. हात केला आणि आलो.

विल्मा : बसले?

मर्व्ह : काय म्हणालीस?

विल्मा : पप्पा. परत खाली बसले का?

मर्व्ह : ते नाही बघितलं गं. मी पाठ फिरवली होती. पण सांगायचं काय, की त्याच रात्री गेला ना तो? म्हणजे शेवटचा मी बघितला, आणि आनंदात बघितला. हे तुला कळायला हवं, असं सारखं वाटत होतं. झोप येत नव्हती मला. तू मेलबर्नला, मनात नाही नाही ते येत असेल, एकटे पडले असतील, कुणी बघितलं नसेल. तर तसं नव्हतं. मी बघितलं होतं.

नोलीन : विल्मा... विल्मा, बाळा, पाणी देऊ?

मर्व्ह : रडू दे तिला. बरं असतं. भला माणूस गेला. कधी कुणाकडे काही मागितलं नाही त्यानं. हं, तू काय सांगणार होतीस?

विल्मा : मी?

मर्व्ह : म्हणालीस ना, एक सांगायचंय. बोल.

विल्मा : काही नाही, मर्व्ह. शुक्रवारी... खांद्याला माणसं कमी पडतायत. तू येशील का, एवढंच विचारायचं होतं.

मर्व्ह : एवढ्यासाठी विमानानं आलेली पोर इथे येऊन बसली? वेडी की काय तू! नुसतं कळवायचं. शेजारी असतात कशाला मग?